पाण्याचें सूत्र कसें ठरलें?

‘एच्-टू-ओ’ हें पाण्याचें सूत्र आज शाळेंतील मूलहि सहज म्हणून दाखवितें. परंतु त्याचा निर्णय लागण्यास युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांना अर्धें शतक खर्चावें लागलें.

१८०८ सालीं इंग्लंडांत जॉन डाल्टननें आपला अणुवाद ग्रंथरूपानें मांडला. पाण्यांत हायड्रोजनचे व ऑक्सिजनचे अणु किती, हें ठरविण्यास साधन नव्हतें. म्हणून त्यानें सर्वांत सोपें प्रमाण धरलें, एकास एक. तराजूनें ही चूक उघडकीस येणें शक्यच नव्हतें. ३६ ग्रॅम पाण्यांत ऑक्सिजन किती? ऑक्सिजनचा अणुभार ८ धरून एकास एक मानलें, किंवा १६ धरून हायड्रोजनचे दोन अणु मानले, तरी उत्तर ३२ ग्रॅमच येतें.

त्याच सुमारास फ्रान्समध्यें गे-ल्युसॅक यास आढळलें कीं, दोन मापें हायड्रोजन व एक माप ऑक्सिजन यांपासून वाफेचीं दोन मापें होतात. ऑक्सिजनचा अणु अभंग, मग त्याचें एक माप वाफेच्या दोन मापांस पुरतें कसें? इटलींतील आमादेओ आव्होगाद्रोनें १८११ मध्यें याचा उलगडा केला. उष्णतामान व दाब समान असतां सर्व वायूंच्या समान मापांत रेणूंची संख्या सारखीच असते. आणि ऑक्सिजनचा रेणु दोन अणूंचा असल्यानें तो वांटला जाऊं शकतो. पण एकाच जातीचे दोन अणु परस्परांस चिकटून राहतात, हें त्या काळच्या अनेक विद्वानांस पटेना. १८५६ सालीं आव्होगाद्रो वारला, तेव्हांहि त्याचा सिद्धांत उपेक्षितच होता.

इकडे घोटाळा वाढतच होता. शिरक्यास आंबटपणा देणाऱ्या एकट्या ॲसेटिक आम्लाचीं १९ निरनिराळीं सूत्रें केकुलेनें १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकांत नमूद केलीं आहेत.

सप्टेंबर १८६० मध्यें जर्मनींतील कार्ल्सरूहे येथें रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथें सिसिलीच्या स्टानिस्लाओ कान्निझारोनें आव्होगाद्रोची बाजू मांडली. वाफ समान मापाच्या हायड्रोजनच्या नऊपट जड; हायड्रोजनचा रेणु २, तर पाण्याचा १८. त्यांतून ऑक्सिजनचे १६ वजा जातां हायड्रोजनचे दोनच अणु उरतात. परिषदेंत एकमत झालें नाहीं. पण समारोपाच्या वेळीं कान्निझारोची १८५८ सालची छोटी पुस्तिका वांटली गेली, आणि ती वाचून एकेकाची शंका फिटली. श्रोत्यांत मेंडेलीव्ह हा रशियन तरुण होता. हेच शुद्ध केलेले अणुभार हातीं घेऊन त्यानें १८६९ मध्यें मूलद्रव्यांची आवर्तसारणी रचली. आज विद्यार्थी वहींत समीकरण जुळवितांना ऑक्सिजनचा रेणु दोन अणूंचा लिहितो, तेव्हां तो आव्होगाद्रोचीच कल्पना वापरीत असतो.