वर्गणीतून उभी राहिलेली प्रयोगशाळा

वर्गणी हा आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा विषय आहे. गावचा उरूस असो की गल्लीतला गणपती, पावतीपुस्तक घेऊन मंडळी दारात आली की ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आकडा लिहिला जातो. भांडण होतं ते नंतर. ज्याने जास्त दिले तो म्हणतो, मांडव माझ्या दारासमोर घाला. ज्याने कमी दिले त्याला बैठकीत कुणी बोलू देत नाही. आज मला ज्या वर्गणीबद्दल बोलायचं आहे, ती सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ती देणारी घरं नव्हेत, राष्ट्रं आहेत. आणि त्यातली काही राष्ट्रं, पहिली पावती फाडण्याच्या दहाच वर्षं आधी, एकमेकांच्या शहरांवर बॉम्ब टाकत होती.

मी कवी माणूस. पदवी म्हणाल तर बी.ए.ची. अणूच्या पोटात काय दडलं आहे हे मला विचारू नका; त्यासाठी जाणकार आहेत. मला कुतूहल आहे ते माणसांचं. एकमेकांवर विश्वास नसलेली माणसं एका छताखाली पैसा कशी आणतात, आणि तो कारभार टिकतो कसा, एवढंच मला पाहायचं आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युरोपातलं विज्ञान जवळजवळ पोरकं झालं होतं. इटलीचे एन्रिको फर्मी १९३८ साली नोबेल पारितोषिक घ्यायला स्टॉकहोमला गेले, ते तिथूनच अमेरिकेला निघून गेले. पत्नी ज्यू, आणि मुसोलिनीने ज्यूंविरुद्ध कायदे केलेले. डेन्मार्कच्या नील्स बोर यांची आई ज्यू घराण्यातली. १९४३ मध्ये त्यांना होडीतून स्वीडनला पळावं लागलं. जे मागे राहिले त्यांच्याकडे बुद्धी होती, पण यंत्रं नव्हती. कणांना प्रचंड वेग देणारी जी यंत्रं अमेरिकेत उभी राहत होती, त्यांचा खर्च युरोपातल्या कुठल्याही एका देशाला झेपणारा नव्हता. ब्रिटनमध्ये तर युद्धकाळातलं रेशनिंग पुरतं उठायला १९५४ चा जुलै उजाडला. मांस रेशनवर मिळतंय आणि सरकारने कणांच्या मागे पैसा घालावा, हे सांगायला हिंमत लागते.

१९४९ च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात युरोपीय सांस्कृतिक परिषद भरली. फ्रान्सचे नोबेल विजेते लुई द ब्रॉय स्वतः आले नव्हते, पण त्यांचा संदेश तिथे वाचून दाखवला गेला. एकेका देशाला जे जमणार नाही ते सगळ्यांनी मिळून एका प्रयोगशाळेत करावं, असा त्याचा आशय. सांस्कृतिक परिषदेत ही गोष्ट निघावी याचं मला विशेष वाटतं. आपल्याकडे साहित्य संमेलनात प्रयोगशाळेचा ठराव आला तर अध्यक्ष घड्याळ बघतील.

पुढच्या वर्षी जूनमध्ये फ्लॉरेन्सला युनेस्कोची सर्वसाधारण परिषद झाली. तिथे अमेरिकेच्या वतीने इसिडोर राबी यांनी ठराव मांडला. हे राबी मूळचे युरोपातलेच. गॅलिशियातल्या एका गरीब ज्यू कुटुंबातले, तान्हेपणीच न्यूयॉर्कला नेलेले. शास्त्रज्ञांचं आंतरराष्ट्रीय सहकार्य वाढावं म्हणून युनेस्कोने प्रादेशिक संशोधन केंद्रं आणि प्रयोगशाळा उभारायला मदत करावी, असा तो ठराव होता. तो निव्वळ परोपकार होता असं समजायचं कारण नाही. शीतयुद्ध तापलं होतं, आणि पश्चिम युरोप आपल्या पायावर उभा राहणं अमेरिकेच्या सोयीचं होतं. पण सोय आणि सद्भाव कधी कधी एकाच गाडीने प्रवास करतात.

ठराव कागदावर असतो, तो चालवतात माणसं. इथे ती दोन होती. युनेस्कोच्या विज्ञान विभागाचे प्रमुख पिएर ओजे, आणि फर्मींचे रोममधले जुने सहकारी एदोआर्दो अमाल्दी. फर्मी गेले, अमाल्दी राहिले, आणि मोडलेलं घर पुन्हा बांधण्यात त्यांनी उरलेलं आयुष्य घातलं. १५ फेब्रुवारी १९५२ रोजी जिनिव्हात अकरा देशांनी तात्पुरती परिषद स्थापन करण्याच्या करारावर सह्या केल्या. तिच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं जोडून झालं ‘सर्न’. पुढे परिषद विसर्जित होऊन तिच्या जागी कायम संस्था आली, तिचं नाव वेगळं ठेवलं गेलं, पण लोकांच्या तोंडी बसलेलं सर्न काही गेलं नाही. या परिषदेत पश्चिम जर्मनीच्या बाजूने वेर्नर हायझेनबर्ग बसत. युद्धात हिटलरच्या जर्मनीचं युरेनियम संशोधन ज्यांच्याभोवती फिरलं तेच हे. बोर यांनी ज्यांना हाताशी धरून शिकवलं आणि युद्धाने ज्यांच्याशी त्यांची मैत्री दुरावली, तेही हेच. ही दोन माणसं पुन्हा एकाच कामात आली, ती अवघ्या काही वर्षांत. मनातलं कितपत निवळलं होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आता मांडव कुणाच्या दारात, हा प्रश्न आलाच. कोपनहेगन, पॅरिसजवळची एक जागा, हॉलंडमधलं आर्नहेम आणि जिनिव्हा, असे चार उमेदवार. ऑक्टोबर १९५२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या बैठकीत जिनिव्हा ठरलं. पण जिनिव्हातल्या सगळ्यांना ते मान्य नव्हतं. अणू म्हटलं की हिरोशिमा आठवावं असा तो काळ. आपल्या तटस्थ देशात हे लचांड कशाला, असं म्हणत स्थानिक कम्युनिस्टांनी विरोध उभा केला, आणि जून १९५३ मध्ये प्रकरण सार्वमताला गेलं. बाजूने १६,५३९ मतं पडली आणि विरोधात ७,३३२. मला हे आकडे फार बोलके वाटतात. एका प्रयोगशाळेचं भवितव्य त्या प्रांतातल्या दुकानदारांनी, कामगारांनी, घड्याळजींनी ठरवलं. त्यांच्या बायकांनी मात्र नाही. जिनिव्हात स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९६० मध्ये.

त्याच जुलैत पॅरिसला करार झाला. सह्या करणारे बारा : बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, ग्रीस, इटली, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि युगोस्लाव्हिया. २९ सप्टेंबर १९५४ रोजी संस्था कायदेशीरपणे अस्तित्वात आली. हा करार मुळातून वाचण्यासारखा आहे. प्रत्येक देशाने त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरीप्रमाणे वर्गणी द्यायची. एकाच देशावर फार भार पडू नये, आणि त्या भाराबरोबर येणारा रुबाबही वाढू नये, म्हणून वर्गणीला कमाल मर्यादा घालण्याची सोय. परिषदेत मात्र प्रत्येकाला एकच मत, ग्रीसलाही आणि ब्रिटनलाही. लष्करी गरजांच्या कामाशी संस्थेचा काही संबंध राहणार नाही. आणि जे हाती लागेल ते प्रसिद्ध करायचं, कुलुपात ठेवायचं नाही. बॉम्बच्या छायेत वाढलेल्या विज्ञानाने हे लिहून दिलं, याला मी मोठी गोष्ट मानतो.

भांडणं झाली नाहीत असं नाही. युगोस्लाव्हियाला वर्गणी परवडेना, तो १९६१ मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी आत आलेला स्पेन १९६९ मध्ये गेला आणि १९८३ मध्ये परतला. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये हप्ता कमी करा अशी शिफारस सरकारी समितीने केली. आम्ही इतके दिले, आमच्या कारखान्यांना कंत्राटं किती मिळाली, हा हिशेब तर अखंड चालू असतो.

पहिलं मोठं यंत्र उभं राहिलं त्याची गोष्ट सांगायलाच हवी. मूळ बेत होता अमेरिकेतल्या यंत्रासारखंच, पण मोठं यंत्र बांधायचा. १९५२ च्या उन्हाळ्यात युरोपचे तीन तज्ज्ञ अमेरिकेतल्या ब्रुकहेवनला ते पाहायला गेले. तिथल्या मंडळींना नुकतीच कणांचा झोत चुंबकांनी घट्ट आवळून धरण्याची नवी युक्ती सुचली होती. ती त्यांनी पाहुण्यांना सांगून टाकली. युक्ती कुणी करून पाहिलेली नव्हती. तरी युरोपने जुना आराखडा बाजूला ठेवून तिच्यावर सगळी मदार टाकली. हे काम ज्यांनी तडीस नेलं ते जॉन ॲडम्स नावाचे इंग्रज अभियंते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीच नव्हती. माझ्यासारख्या बी.ए.ला यातून थोडा धीर येतो.

२४ नोव्हेंबर १९५९ च्या रात्री यंत्राने २४ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा पल्ला गाठला. तेव्हा जगातलं सर्वांत शक्तिशाली यंत्र होतं सोव्हिएत रशियातल्या डुब्नाला, दहा अब्जांचं. डुब्नाच्या शास्त्रज्ञांनी ॲडम्सना व्होडकाची एक बाटली देऊन ठेवली होती : आमचा विक्रम मोडाल तेव्हा उघडा. दुसऱ्या दिवशी ॲडम्स सभागृहात आले ते रिकामी बाटली हातात घेऊन. आत व्होडकाऐवजी २४ अब्जांच्या झोताची छायाचित्रातली खूण होती, आणि बाटली डुब्नाला परत जायची होती. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे चाललं होतं. मी दारूला शिवत नाही, पण ही बाटली मला आवडते.

१९७३ मध्ये सर्नमधल्या ‘गार्गामेल’ या प्रचंड बुडबुडा-पेटीत एक खूण सापडली. त्या खुणेने ज्यांचं गणित खरं ठरलं त्यांत अब्दुस सलाम होते, झंग या पंजाबातल्या छोट्या गावात वाढलेले. १९७९ चं नोबेल घ्यायला ते अचकन आणि पगडी घालून गेले. त्यांच्या मायदेशाने मात्र १९७४ मध्येच अहमदिया पंथाला इस्लामबाहेर ठरवलं होतं, आणि पुढे सलामांच्या थडग्यावरचा ‘मुस्लिम’ हा शब्दही पुसून टाकण्यात आला. इटलीत त्रिएस्त शहरात १९६४ मध्ये त्यांनी उभारलेलं केंद्र गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांसाठी आजही उघडं आहे. त्यालाही मोठा आधार इटलीच्या सरकारी तिजोरीचा. परक्यांनी जागा दिली आणि आपल्यांनी नाव पुसलं, हे मला लिहितानाही टोचतं.

१९८९ मध्ये सत्तावीस किलोमीटर परिघाचं जमिनीखालचं वर्तुळ सुरू झालं, त्यातलं बरंचसं फ्रान्सच्या भूमीखाली. त्यातल्या कणांची ऊर्जा कधी किंचित वाढे, कधी घटे. शोध घेता १९९२ मध्ये कळलं की हे चंद्राचं काम! भरती-ओहोटी फक्त समुद्रालाच येते असं नाही, जमीनही उचलली जाते, आणि ते वर्तुळ मिलिमीटरभर ताणलं जातं. चंद्रावर आम्ही कवींनी आजवर जे लिहिलं त्यात एवढा अचूक शब्द कुणाचा नसेल.

त्याच वर्षी, १९८९ मध्ये, टिम बर्नर्स-ली या तिथल्या तरुणाने देशोदेशी विखुरलेल्या शास्त्रज्ञांची कागदपत्रं एकमेकांना जोडण्याची योजना मांडली. तेच आपलं वेब. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते कुणाकडूनही एक पैसा न मागता जगाला खुलं केलं. ज्यांच्या करातून वर्गणी गेली होती त्यांच्या तर ते उपयोगी पडलंच, ज्यांनी कधी दमडी दिली नव्हती त्यांच्याही.

आपला संबंध? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं तिथे पूर्वीपासून आहेत. ४ जुलै २०१२ रोजी ज्या हिग्ज बोसॉनची घोषणा झाली, तो शोधणाऱ्या दोन यंत्रांपैकी एकाचं नाव सीएमएस. त्याचा एक शोधक भाग मुंबईच्या या संस्थेने घडवला. त्याच यंत्राचा हजारो टनांचा भार पेलणारे पाय पाकिस्तानात तयार झाले. पाकिस्तान २०१५ मध्ये सर्नचा सहयोगी सदस्य झाला, भारत २०१७ मध्ये. वाघ्याच्या दारावर रोज संध्याकाळी पाय आपटले जातात, आणि जिनिव्हाजवळ जमिनीखाली शंभर मीटरवर पाय त्यांचे, शोधक आपला. एक यंत्र चालतं आहे.

सर्नचं रूप पाहून युनेस्कोच्याच छत्राखाली जॉर्डनमध्ये ‘सेसमी’ हे केंद्र उभं राहिलं, मे २०१७ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मूळ यंत्रसामग्री बर्लिनमधल्या एका निवृत्त यंत्राची, जर्मनीने भेट दिलेली. सदस्यांच्या यादीत इस्रायल, इराण, पॅलेस्टाईन, तुर्कस्तान, पाकिस्तान एका ओळीत. सोपं काहीच नव्हतं. निर्बंधांमुळे इराणला आपली वर्गणी पोचवतानाही नाकी नऊ आले. सेसमीशी जोडलेल्या दोन इराणी शास्त्रज्ञांची २०१० मध्ये तेहरानमध्ये हत्या झाली.

आणि खुद्द सर्न? फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. परिषदेने रशियाचा निरीक्षक दर्जा स्थगित केला, आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला संपणारा सहकार्याचा करार वाढवला नाही. रशियन संस्थांतून येणाऱ्या शेकडो शास्त्रज्ञांना वाट बंद झाली. आक्रमणाला उत्तर द्यायलाच हवं, हे मला पटतं. पण ज्या घराने १९५४ मध्ये जर्मनांसाठी खुर्ची मांडली, त्याने ही खुर्ची उचलली तेव्हा काहीतरी हललं, असंही वाटतं; जर्मनीसाठी खुर्ची मांडली गेली ती युद्ध संपल्यावर, हे त्याचं उत्तर असू शकेल. एक करार मात्र परिषदेने राखला. मॉस्कोजवळच्या त्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी असलेला, म्हणजे ॲडम्सना बाटली देणाऱ्या डुब्नाशी. युक्रेनने त्यालाही विरोध केला होता.