चोवीस की पंचवीस?

१९१३ साली आलेला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मूक होता. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा वेग थोडा कमीजास्त झाला तरी चालून जाई. १९३२ साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला. फीत जलद धावली, की तिच्यावरचा आवाजही चिरका होणार! म्हणून बोलपटांसाठी सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण रूढ झाले. भारतीय दूरचित्रवाणीने मात्र २५ चौकटी स्वीकारल्या.

नांदेड-लातूरच्या एखाद्या शाळेत प्रयोगाची चित्रफीत संगणकावर जोडताना हाच फरक नडू शकतो. २४ चौकटींनी टिपलेले तासाभराचे चित्रण २५ च्या वेगाने चालवले, तर ते ३६०० × २४ ÷ २५, म्हणजे ३४५६ सेकंदांत संपेल. आवाज १४४ सेकंद मागे राहील. फरक सुरुवातीपासून सारखाच असेल, तर आवाज सरकवावा. वाढत जात असेल, तर आधी वेग तपासावा.