दुसऱ्या प्रेमाच्या दोन कथा

प्रथम प्रीतीचें वर्णन करण्यास कवींची वाण कधींच पडली नाहीं. परंतु एकदां उजाड झालेल्या घरांत पुन्हा दिवा लावण्याची कथा सांगण्याचें काम मुख्यत्वें कादंबरीनें पत्करिलें. ख्रिस्ती समाजाच्या वाङ्मयांत ह्या विषयाला विशेष स्थान मिळालें, ह्याचें कारण उघड आहे. विवाहबंधन आमरण असावें, हा त्या धर्माचा कटाक्ष. मात्र पतिनिधनानंतर स्त्री पुनर्विवाहास मोकळी आहे, असें पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायांत सांगितलें आहे. त्यामुळें ह्या कथांत दुसरें प्रेम बहुधा मृत्यूच्याच दारानें आंत येतें.

१८५७ सालीं अशा दोन कथा दोन देशांत प्रसिद्ध झाल्या, हा योगायोग आम्हांस विचारणीय वाटतो.

लंडनांत अँथनी ट्रॉलोपची 'बारचेस्टर टॉवर्स' निघाली. तिची नायिका एलिनर बोल्ड ही पदरीं तान्हें मूल असलेली तरुण विधवा. पतीनें मागें ठेविलेल्या संपत्तीवर डोळा ठेवून दोघे पुरुष तिच्याभोंवतीं घोटाळतात. त्यांपैकीं पाद्री स्लोप अंगचटीस येतांच तिच्या हातची थप्पड खातो. तिचें मन अखेर जडतें तें पाद्री अ‍ॅराबिन ह्याच्यावर. हा गृहस्थ चाळिशीचा. तारुण्य ऑक्सफर्डच्या धर्मवादांत गेलें, आणि वैराग्याचा आदर्श जपतां जपतां आपलें घर रिकामें राहिलें, हें त्यास उशिरां उमगलें. विधवेनें लग्न करावें कीं नाहीं, असा प्रश्न त्या कथेंत कोणी विचारीतच नाहीं. कोणाशीं करावें, एवढाच काय तो वाद.

त्याच सालीं बाबा पदमनजी ह्यांचें 'यमुनापर्यटन' मराठींत अवतरलें. १८५४ सालीं ख्रिस्ती झालेल्या ह्या लेखकानें हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण हा हेतु ग्रंथाच्या उपनांवांतच सांगून टाकिला आहे. यमुना व तिचा पति विनायकराव प्रवासांत ठिकठिकाणीं विधवांची दैना पाहतात. पुढें तेंच वैधव्य यमुनेच्या कपाळीं येतें, आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करिते. येथें वाद मुळावरच आहे: विधवेनें लग्न करावें कीं नाहीं? हिंदु विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीं नुकताच झाला होता; परंतु त्याच कायद्यानें पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क जात असे. एलिनरला धनाचे लोभी आडवे येतात. इकडील विधवेस दुसरें घर मांडतांना पहिल्या घरचें धन सोडावें लागे.

कलादृष्ट्या पाहतां यमुनेचें प्रेम विनायकरावाच्या सहवासांतच रंगलें आहे. दुसरा विवाह शेवटीं एखाद्या सिद्धान्तासारखा येतो. हा दोष खरा. पण तो लेखणीपेक्षां काळाचा अधिक. जें प्रेम आधीं समाजापुढें निर्दोष ठरवावें लागतें, त्याला लाजण्या-रुसण्यास सवड कोठून मिळणार?

पुढें १९७९ सालीं कॅनडाच्या जॅनेट ओक ह्यांनीं 'लव्ह कम्स सॉफ्टली' लिहिली. तींत एक विधवा व एक विधुर मुलीच्या संगोपनासाठीं लग्न करितात, आणि प्रेम मागाहून पावलापावलानें येतें. आतां अनुज्ञा मागावयाची ती केवळ स्वतःच्या दुःखाची.

अशा हळुवार कथांत रमणाऱ्या वाचकांनीं यमुनेस विसरूं नये. मनाला पुन्हा कौल लावण्याची मोकळीक मिळण्यापूर्वीं ती जगाकडून कोणीतरी भांडून घेतलेली असते.