बोलक्या चिन्हांची कथा

भाषा आणि वाचा या एकच वस्तु, असा सामान्य समज आहे. ज्याला बोलतां येत नाहीं त्याला सांगण्यासारखें कांहीं नसावें, असें लोक सहज धरून चालतात. मेंदूच्या दुखापतीमुळें ज्यांचा हातापायांवर व जिभेवर ताबा राहत नाहीं, अशा मुलांवर या समजुतीनें मोठा अन्याय केला. बुद्धि शाबूत असूनही कित्येकांना मंदबुद्धि ठरविण्यांत आलें. हा अन्याय कांहीं अंशीं दूर करणारें एक साधन मात्र निराळ्याच हेतूनें निर्माण झालें होतें.

त्याचा कर्ता कार्ल ब्लिट्झ हा १८९७ सालीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांतील चेर्नोव्हिट्झ येथें एका ज्यू कुटुंबांत जन्मला. त्या शहरांत अनेक भाषांचे लोक शेजारीं राहत आणि एकमेकांचा द्वेषही करीत. व्हिएन्ना येथें तो रसायनाचा इंजिनियर झाला. १९३८ मध्यें नाझींनीं त्याला डाखाऊ व बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत डांबलें. पत्नी क्लेअर हिच्या खटपटीनें सुटका होऊन तो इंग्लंडांत आला. तेथें त्यानें 'ब्लिस' हें नांव घेतलें. पुढें दोघें शांघायला गेलीं. तेथील चिनी पाट्या वाचावयास शिकतां शिकतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, आपण हीं अक्षरें चिनी भाषेंत वाचीतच नाहीं. चिन्ह पाहतांच आपल्याच भाषेंतला शब्द मनांत उमटतो. मग साऱ्या जगाला अशी एक लिपि कां नसावी? ऑस्ट्रेलियांत स्थायिक झाल्यावर १९४९ सालीं त्यानें 'सिमँटोग्राफी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्वानांनीं त्याकडे पाठ फिरविली.

या लिपीची रचना साधी आहे. हृदयाची आकृति म्हणजे भावना. तिच्या शेजारीं वर जाणारा बाण काढला कीं आनंद, खालीं जाणारा काढला कीं दुःख. चिन्हावर लहानशी टोपीसारखी खूण दिली कीं त्याचें क्रियापद होतें. साध्या चित्रानें 'खुर्ची' दाखवितां येते, पण 'उद्यां' किंवा 'कां' हें दाखवितां येत नाहीं; ती अडचण येथें मिटते.

कॅनडांत टोरोंटो येथील अपंग मुलांच्या केंद्रांत शर्ली मॅकनॉटन ही शिक्षिका व तिचे सहकारी अशाच साधनाच्या शोधांत होते. १९७१ मध्यें त्यांना ब्लिसचीं चिन्हें गवसलीं. चाकांच्या खुर्चीला जोडलेल्या फळीवर तीं मांडलीं व प्रत्येकाबरोबर इंग्रजी शब्द लिहिला. मूल बोटानें, मुठीनें किंवा नुसत्या नजरेनें चिन्ह दाखवी. समोरचा शब्द वाची. जीं मुलें तोंवर केवळ 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर देऊं शकत, तीं आतां स्वतः प्रश्न विचारूं लागलीं.

ब्लिसला प्रथम अतिशय आनंद झाला. परंतु लवकरच कलह उद्भवला. त्याला विश्वशांतीची भाषा हवी होती; शिक्षकांना वाचनाकडे नेणारा पूल हवा होता. त्यांनीं केलेले फेरफार त्याला सहन होईनात. प्रकरण वकिलांपर्यंत गेलें आणि १९८२ मध्यें तडजोड झाली. १९८५ सालीं ब्लिस वारला.

मुंबईंत १९७२ सालीं डॉ. मिथू अलूर यांनीं अशा मुलांसाठीं स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली. त्यांची कन्या मालिनी चिब यांनीं पुढें एका बोटानें टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिलें. आज पडद्यावरील चिन्हाला स्पर्श करतांच यंत्र शब्द उच्चारतें.

भाषा घडविणारा एखादाच असतो. ती जगते मात्र वापरणाऱ्यांच्या गरजेवर. ब्लिसची लिपि राष्ट्रांमधील वैर मिटवूं शकली नाहीं. परंतु एखाद्या मुलाला 'मला दुखतें' एवढें आपल्या आईला सांगतां आलें, हेंही थोडें नव्हे.