लियाँ व त्याचीं उपनगरें

वाढत्या शहरानें शेजारचीं गांवें गिळावीं, हा जुना परिपाठ. १८५२ सालीं फ्रान्समधील लियाँनें क्रवा-रूस, गियोतिएर व वेझ हीं गिळलीं. किंबहुना लुई नेपोलियननें हुकुमानें गिळावयास लाविलीं, आणि त्याच हुकुमानें शहराचें नगराध्यक्षपदही काढून घेतलें! १९६६ च्या कायद्यानें निराळी तोड काढिली. गांवोगांवचे नगराध्यक्ष कायम राहिले. पाणी, रस्ते, केरकचरा यांचा कारभार मात्र १९६९ पासून सामाईक झाला. २०१५ सालीं या सामाईक संस्थेस आपल्या हद्दींत जिल्ह्याचेही अधिकार मिळाले. येथवर आम्हांस सारें शहाणपणाचें वाटतें. परंतु २०२० पासून तिचे सभासद गांवागणिक न निवडतां १४ मतदारसंघांतून निवडले जातात. त्यामुळें लहान गांवच्या रस्त्याचा निर्णय ज्या सभेंत होतो, तेथें त्या गांवच्या नगराध्यक्षास जागा असेलच असें नाहीं.