'पतिपरायण' या शब्दाची अडचण : लक्ष्मीबाई टिळकांच्या निमित्ताने

मराठी विषयाच्या प्राध्यापकाचे समाजाला जे मोजके उपयोग आहेत, त्यांपैकी एक म्हणजे लग्नपत्रिकेतील ऱ्हस्व-दीर्घ तपासून देणे आणि दुसरा म्हणजे श्रद्धांजलीचा मजकूर लिहून देणे. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरातील आजी गेल्या, तेव्हा हे दुसरे काम माझ्याकडे आले. वर्तमानपत्रातील जागा चार ओळींची. मी 'पतिपरायण पत्नी, वत्सल माता आणि प्रेमळ आजी' असे लिहून दिले. घरातील सर्वांना ते पसंत पडले. मजकूर नक्की झाल्यावर त्यांचे थोरले चिरंजीव बोलता बोलता म्हणाले, की आई लग्नानंतर काही वर्षांनी घर सोडून माहेरी गेली होती, दोन वर्षे तिथेच राहिली, आणि परत आली ती सासऱ्यांशी स्पष्ट बोलणे करूनच. माझा चेहरा पाहून त्यांनी घाईने पुस्ती जोडली, "मॅडम, तेवढं मात्र घालू नका." मी घातले नाही. चार ओळींत ते मावलेही नसते.

मावले नसते हे खरे, पण ते एकच कारण नव्हते. 'पतिपरायण' या शब्दाशेजारी ती दोन वर्षे कशी ठेवायची, हे मलाही सुचले नव्हते. पुढे तृतीय वर्षाच्या वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, "नवरा न सांगता धर्म बदलून बसला, मग ही परत का गेली?" तेव्हा त्या आजी पुन्हा आठवल्या. लक्ष्मीबाई टिळकांविषयी जे पुढे लिहीत आहे, ते या प्रश्नाभोवतीच आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मधला, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातला. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली वाटे. मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली होती. या घरात वाढलेली ही मनू अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन लक्ष्मी झाली. टिळक कवी, पंडित, वक्ते आणि कमालीचे लहरी. आज इथे तर उद्या तिथे. घरात असेल ते समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे. पाठ्यपुस्तकांमुळे आपण त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. अशा माणसाशी संसार करणे म्हणजे काय, हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात येत नाही. ते 'स्मृतिचित्रे'त येते, आणि तेही हसवत हसवत.

या हसण्याबद्दल माझी एक तक्रार आहे. लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे आपण इतके कौतुक केले, की त्या विनोदाखाली काय आहे याकडे पाहण्याचे राहूनच गेले. टिळकांचे विसराळूपण, उधळेपण, संताप, घरातून अचानक नाहीसे होणे, या सगळ्याची नोंद त्या विनोदात आहे. गंभीर स्वरात लिहिले असते तर ती फिर्याद ठरली असती, आणि पतीविरुद्ध फिर्याद करणाऱ्या स्त्रीचे त्या काळी कोणी ऐकले असते असे वाटत नाही. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील नम्र, शिष्येच्या भूमिकेतील पत्नी वाचकांच्या परिचयाची होती. लक्ष्मीबाईंनी ती नम्रता घेतली नाही. मात्र त्यांच्या शब्दांत कडवटपणाही सापडत नाही. टिळकांवर त्यांचे निरतिशय प्रेम होते, आणि ते कोठे कसे चुकले हेही त्यांना नेमके आठवत होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्याची पूर्वकल्पना दिली नव्हती. त्यांचा मुलगा दत्तू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. त्याच्याआधीच्या अपत्यांचे मृत्यू लक्ष्मीबाईंनी सोसलेलेच होते. आता पती जिवंत असून नाहीसा झाला. विधवेला निदान आपले स्थान ठाऊक असते; या बाईला कोणते स्थान द्यावे हे समाजालाही कळेना. पुढची चार-पाच वर्षे नाशिक, पंढरपूर अशी नातेवाइकांच्या आश्रयाने गेली. टिळकांची पत्रे येत, कविता येत. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख बेताचीच. जोडाक्षरे तर आयुष्यभर रुसलेली. तरीही याच काळातल्या दुःखातून त्या स्वतः कविता करू लागल्या. पतीच्या कवितांना उत्तर देण्याइतकी कविता विरहाने त्यांना शिकवली, हे वाक्य लिहायला मला सोपे जाते. ती चार-पाच वर्षे त्यांनी कशी काढली असतील, हे मूळ पुस्तकातच वाचावे.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. मी तिला तेव्हा 'प्रेमामुळे' असे उत्तर दिले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. ते उत्तर खोटे नव्हते, आळशी मात्र होते. नीट वाचले तर दिसते ते असे : लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. सुरुवातीला त्या आपले सोवळे सांभाळून, चूल वेगळी ठेवून राहिल्या. परत येण्यासाठी धर्म बदलण्याची अट नव्हती, आणि तशी अट असती तर त्या आल्या असत्या असे मला वाटत नाही. पुढे जे घडले ते त्यांच्या स्वतःच्या विचारातून घडले. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांना छळू लागला. उत्तर सापडले तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवून टाकले. मीठ धुऊन घेणाऱ्या बापाच्या लेकीने केलेला हा निश्चय आहे. सोवळे आधी सुटले, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पतीच्या मागोमाग पत्नीने धर्मांतर केले, असे जे एका ओळीत सांगितले जाते, त्यात हा सगळा मधला प्रवास गडप होतो. त्या पतीकडे आल्या हे एक पाऊल आणि त्या ख्रिस्ती झाल्या हे दुसरे; दोहोंची कारणे वेगळी आहेत.

मराठी वाचकांपैकी अनेकांना हे धर्मांतर अजूनही अवघड जाते, म्हणून ते 'पतिनिष्ठा' या खात्यात टाकून मोकळे होतात. निष्ठा म्हटले की विचाराची जबाबदारी उरत नाही. ख्रिस्ती बाजूनेही कधीकधी असेच होते. तिकडे ती पतीच्या श्रद्धेची फलश्रुती ठरते. या दोन्ही मांडण्यांत लक्ष्मीबाईंनी स्वतः डोके लावून काही ठरवले, याला जागा नाही.

नगर आणि राहुरी येथील पुढच्या संसाराविषयी लिहायचे तर स्वतंत्र लेख लागेल. पोरकी मुले, अडलेली माणसे, विद्यार्थी, पाहुणे यांचा राबता या घरात सतत असे. त्यांतला एक म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला हा मुलगा पुढे टिळकांच्या घरी राहिला. त्याचे रुसणे, हट्ट, लाड यांची जी चित्रे लक्ष्मीबाईंनी काढली आहेत, ती बालकवींवरच्या कोणत्याही समीक्षेपेक्षा मला अधिक उपयोगी वाटली. मे १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. त्याआधी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला होता. म्हणजे उतारवयातही या बाईंना स्थिर घर मिळाले नाही ते नाहीच.

टिळकांच्या मागे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ख्रिस्तचरित्रावरील या ओवीबद्ध महाकाव्याचे दहा-अकरा अध्याय त्यांनी लिहिले होते. लक्ष्मीबाईंनी पुढे त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. ज्यांना जोडाक्षरे नीट लिहिता येत नव्हती, त्यांचे हे चौसष्ट अध्याय! साहित्याच्या इतिहासात मात्र ते 'टिळकांचे अपूर्ण काव्य पत्नीने पूर्ण केले' अशा एका ओळीत येतात, जणू राहिलेले शिवण पुरे करावे तसे. अर्थात, ते सर्व मी वाचले आहे असा दावा नाही. आमच्या ग्रंथालयातील प्रत मी दोनदा घरी आणली आणि दोन्ही वेळा निम्म्यावर परत केली. 'स्मृतिचित्रे'तील मोकळे गद्य वाचल्यावर ओवीची शिस्त थोडी जड वाटते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

'स्मृतिचित्रे'चा जन्मही असाच दुसऱ्याच्या निमित्ताने झाला. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांविषयीच्या आठवणी लिहून काढण्यासाठी आईच्या मागे लागला. मागणी टिळकांच्या आठवणींची होती. आईने त्या लिहिल्या, पण लिहिता लिहिता स्वतःलाही त्यात बसवले. १९३४ मध्ये पहिला भाग पुस्तकरूपाने आला, तेव्हा लेखिका सहासष्ट वर्षांची होती, आजी झालेली होती, आणि त्या गद्याची लय नातवंडांना गोष्ट सांगण्याचीच आहे : छोटी वाक्ये, मध्येच थांबणे, नको तिथे हसणे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग त्यानंतर प्रसिद्ध झाला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या या पुस्तकाची सटीप आवृत्ती संपादित केली. एका घरातील तीन पिढ्यांनी एका बाईचे शब्द जपले, हे आपल्याकडे विरळा. बहुतेक घरांत वह्या रद्दीत जातात, आणि उरलेले 'तेवढं घालू नका' मध्ये.

या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादांची शीर्षकेही पाहण्याजोगी आहेत. जोसेफिन इंकस्टर यांचा अनुवाद १९५० मध्ये 'आय फॉलो आफ्टर' या नावाने निघाला. ते शब्द पौलाच्या पत्रातले आहेत, त्यांचा रोख देवाकडे आहे. पण मराठी वाचकाच्या कानाला त्यात पतीच्या मागून चालणारी पत्नीच ऐकू येते. शांता गोखले यांचा २०१७ चा अनुवाद मूळ नाव कायम ठेवून उपशीर्षकात 'स्पिरिटेड वाइफ' म्हणतो. 'वाइफ' सुटत नाही, विशेषण बदलते. मला दुसरे शीर्षक अधिक मानवते, परंतु पहिलेही पूर्ण चुकीचे म्हणवत नाही. लक्ष्मीबाई मागून गेल्या हे खरेच आहे, फक्त वाटेत प्रत्येक वळणावर थांबून, विचारून, भांडून गेल्या.

शेजारच्या आजींचे वर्षश्राद्ध झाले तेव्हा पुन्हा मजकुराची विचारणा झाली. या वेळी मी थोरल्या चिरंजीवांना म्हटले, की त्या दोन वर्षांबद्दल तुम्हाला जे आठवते ते एका वहीत लिहून ठेवा, छापायला नको. ते हसले आणि म्हणाले, "मला फारसं ठाऊक नाही, मावशीला विचारावं लागेल." मावशींचे वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी होते. पुढच्या आठवड्यात ते खरोखरच सांगलीला जाऊन आले.