शिंदे घराणे, मंगळवेढा

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याशी नाते असलेले लोकगायकांचे घराणे. भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली आणि ठसकेबाज लोकगीत ही त्याची चार अंगे. घराण्याचे नाव घरोघरी नेले प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांनी. लहानपणी आईवडिलांसोबत कीर्तनात आणि रस्त्यावर गाऊन पोट भरताना त्यांचा गळा तयार झाला. शास्त्रशुद्ध तालमीची बैठक नसतानाही वरच्या पट्टीत न चिरकणारा, रुंद आणि आर्त असा तो आवाज मराठीत अनन्यसाधारण मानावा लागेल. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ आजही आषाढी वारीत वाजते. भीमजयंतीला त्याच आवाजातली भीमगीते वस्त्यावस्त्यांत ऐकू येतात. विठ्ठल आणि आंबेडकर, दोन्हींकडचा श्रोता एका गळ्याने जोडला, ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी.

पुत्र आनंद व मिलिंद यांनी कॅसेटच्या काळात आपापली गादी उभी केली. आनंद यांचे ‘नवीन पोपट हा’ लग्नाच्या वरातीपर्यंत पोहोचले. तिसऱ्या पिढीतील आदर्श ‘दुनियादारी’ (२०१३) पासून चित्रपटांत स्थिरावले. त्यांचे बंधू उत्कर्ष पेशाने डॉक्टर असून गातात, लिहितात.

घराण्याचा खरा कस लागतो तो जयंती, यात्रा, उरूस यांच्या खुल्या मंचावर. हार्मोनियम, ढोलकी आणि मागे कोरस. ध्रुपद कोरसने उचलायचे, मुख्य गायकाने त्यावरून तान फेकायची, आणि श्रोत्यांनी फर्माईश करत कार्यक्रम लांबवायचा.